इमेरेतीच्या टेकड्यांचा चित्रकार

काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्यामध्ये कॉकेशस पर्वताची उंच रांग पसरलेली आहे. या रांगेच्या दक्षिणेस जॉर्जिया नावाचा एक लहानसा देश आहे. आकाराने तो महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. परंतु त्याची भाषा स्वतंत्र, लिपी स्वतंत्र, आणि दगडी चर्चे व भित्तिचित्रे यांची त्याची परंपरा दीड हजार वर्षांची. आपल्या मुलुखाशीही या दूरच्या देशाचा एक धागा जुळलेला आहे. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या मठाचे भग्न अवशेष आहेत. तेथील उत्खननात केतेवान नावाच्या जॉर्जियन राणीच्या अस्थी सापडल्या. धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणच्या शहाने शिराझ येथे तिचे हाल करून तिला ठार मारले होते. भारत सरकारने २०२१ मध्ये त्या अस्थी सन्मानपूर्वक जॉर्जियाच्या स्वाधीन केल्या. इराण, तुर्कस्तान आणि रशिया अशा तीन बलाढ्य सत्तांच्या मध्ये सापडलेल्या या देशाला आपले वेगळेपण टिकविण्यासाठी नेहमीच झगडावे लागले. कधी ती झुंज रणांगणावर झाली, कधी राणीच्या बंदिवासात झाली, आणि विसाव्या शतकात ती एका चित्रकाराच्या लहानशा चित्रफलकावरही झाली.

त्या चित्रकाराचे नाव दाविद काकाबाद्झे.

जॉर्जियाच्या पश्चिम भागाला इमेरेती म्हणतात. कुतैसी हे तेथील मुख्य शहर. हा प्रदेश टेकड्याटेकड्यांचा आहे. उतारांवर शेतकऱ्यांची लहान लहान शेते. एकात मका, दुसऱ्यात घेवडा, तिसऱ्यात द्राक्षांचे वेल, चौथे नुकतेच नांगरलेले. प्रत्येकाच्या कडेने कुंपण किंवा बांध. समोरच्या टेकडीवर उभे राहून पाहिले, तर सारा उतार आजीने शिवलेल्या गोधडीसारखा दिसतो. कोठे हिरवा तुकडा, कोठे पिवळा, कोठे तांबूस, कोठे मातकट. आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेने कुंपणाचा ठसठशीत टाका. याच मुलुखातील कुखी नावाच्या खेड्यात, १८८९ साली, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी दाविदचा जन्म झाला. लहानपणी रोज डोळ्यांपुढे असलेले हे दृश्य त्याने पुढे जन्मभर सोडले नाही.

मुलगा हुशार होता. कुतैसी येथील शिक्षण संपवून तो १९१० मध्ये रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्ग येथे गेला. तेथे विद्यापीठात तो निसर्गविज्ञान शिकू लागला, आणि त्याच वेळी एका चित्रकाराच्या कार्यशाळेत रेखाटनाचे धडे घेऊ लागला. विज्ञानाचा विद्यार्थी आणि चित्रकलेचा विद्यार्थी असे त्याचे दुहेरी शिक्षण चालू होते. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणारा डोळा आणि रंग पाहणारा डोळा हे त्याच्या ठायी वेगळे राहिलेच नाहीत. एखादी वस्तू कशी दिसते याबरोबरच ती कशी घडलेली आहे, हेही त्याला जाणून घ्यावेसे वाटे.

पीटर्सबर्गमध्येच पावेल फिलोनोव नावाच्या एका विलक्षण रशियन चित्रकाराशी त्याचा परिचय झाला. चित्र हे झटपट रंगवून टाकण्याची वस्तू नव्हे. सोनार दागिना घडवितो त्याप्रमाणे ते कणाकणाने घडविले पाहिजे, असे फिलोनोवचे मत होते. १९१४ मध्ये त्याने व त्याच्या काही सहकाऱ्यांनी या मताचे एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यावर सही करणाऱ्यांत पंचविशीतला काकाबाद्झेही होता. याच काळात तो जुन्या जॉर्जियन कलेचाही अभ्यास करीत होता. चर्चच्या भिंतींवरील मध्ययुगीन चित्रे, दगडांवर कोरलेली वेलबुट्टी, त्यांतील रेषांचे वळण आणि मोकळ्या जागेचा उपयोग, हे सारे तो बारकाईने न्याहाळी. नव्या कलेची ओढ असलेले पुष्कळ तरुण जुन्याकडे पाठ फिरवितात. याने तसे केले नाही.

१९१८ मध्ये जॉर्जिया स्वतंत्र झाला. रशियात राज्यक्रांती होऊन झारची सत्ता कोसळली होती. त्या गोंधळात या लहान देशाने आपला स्वतंत्र झेंडा उभारला. त्याच वर्षी काकाबाद्झेने आपले सर्वांत प्रसिद्ध चित्र रंगविले. त्याचे नाव ‘इमेरेती, माझी आई’. चित्रात पुढच्या बाजूस चित्रकाराची वृद्ध आई शांतपणे बसलेली आहे. तिच्या मागे टेकड्यांवर टेकड्या रचलेल्या आहेत, आणि त्यांवर शेतांचे ते रंगीत तुकडे. क्षितिज इतके वर नेलेले आहे, की आकाशाला फारशी जागा उरलेली नाही. दूरचे शेत धूसर आणि जवळचे स्पष्ट, असा नेहमीचा प्रकारही येथे नाही. सारे तुकडे सारख्याच नेटकेपणाने रंगविलेले आहेत. त्यामुळे पाहणाऱ्याला क्षणभर प्रश्न पडतो, की आई भूमीसमोर बसली आहे, की भूमीच उठून आईच्या मागे उभी राहिली आहे? चित्राच्या नावात ‘इमेरेती’ आणि ‘आई’ हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून चित्रकाराने त्याचे उत्तर दिले आहे.

या चित्रानंतर त्याने इमेरेतीची कितीतरी लहान लहान निसर्गचित्रे काढली. त्यांत बहुधा माणूस दिसत नाही, झाडेही थोडीच. नुसते उतार, नुसते तुकडे. वरवर पाहणाऱ्याला ती सगळी सारखीच वाटतील. परंतु शेजारी शेजारी मांडली, की प्रत्येकातील रंगांचा मेळ निराळा असल्याचे ध्यानात येते. एकात ओलसर सकाळ, दुसऱ्यात पिकलेली दुपार.

पुढे जॉर्जियातील कलावंतांच्या संघाने काही होतकरू चित्रकारांना शिक्षणासाठी पॅरिसला पाठविले. त्यांत काकाबाद्झे आणि त्याचा मित्र लादो गुदियाश्विली हे दोघे होते. पॅरिस हे तेव्हा साऱ्या जगातील चित्रकारांचे माहेरघर होते. तेथे काकाबाद्झे सुमारे सात वर्षे राहिला. फ्रान्सच्या वायव्येस ब्रिटनी नावाचा समुद्रकाठचा प्रांत आहे. तेथे जाऊन त्याने १९२१ मध्ये जलरंगांत चित्रांची एक मालिका केली. त्यानंतर मात्र त्याचे काम अगदी नव्या वळणावर गेले. रंग आणि कुंचला त्याला अपुरे वाटू लागले. तो लाकडी फळीवर धातूचे चकचकीत पत्रे, आरशाचे तुकडे, काचेची भिंगे बसवू लागला. या कृतींत ओळखू येईल असे घर, झाड किंवा माणूस नसे. त्यांत खेळत असे तो प्रकाश. रंगविलेला प्रकाश जागचा हलत नाही. आरशावरचा प्रकाश पाहणारा हलला की हलतो, खिडकीतून ढग गेला की बदलतो. म्हणजे तीच कृती सकाळी एक दिसे आणि संध्याकाळी दुसरी.

त्याच्यातील वैज्ञानिकही या दिवसांत स्वस्थ बसलेला नव्हता. त्या वेळी चित्रपट नवे होते, परंतु पडद्यावरील सारे सपाट दिसे. ते खरोखरीच्या वस्तूंप्रमाणे खोल, भरीव दिसावे, असा ध्यास त्याने घेतला. यामागचे तत्त्व एका साध्या प्रयोगाने कळते. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरावे. आधी डावा डोळा मिटून पाहावे, मग उजवा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसते. याचे कारण दोन डोळ्यांमध्ये थोडे अंतर असते व प्रत्येक डोळा तीच वस्तू किंचित निराळ्या बाजूने पाहतो. मेंदू ही दोन चित्रे एकत्र करतो आणि त्यातून आपणांस खोलीचे ज्ञान होते. पडद्यावरील चित्र सपाट भासते, कारण दोन्ही डोळ्यांना तेथे एकच चित्र मिळते. डाव्या डोळ्याला एक व उजव्याला दुसरे चित्र पोहोचविता आले, तर पडदाही खोल दिसेल. त्यासाठी प्रेक्षकांना खास चष्मे देण्याची युक्ती माहीत होती. काकाबाद्झेला चष्म्याशिवाय हे साधावयाचे होते. त्याने तशा यंत्राची योजना आखली आणि तिचे हक्क अधिकृतपणे नोंदवून घेतले. पुढे पैशाच्या अभावी हे काम अर्धवट राहिले. पण त्याच्या कलाकृतींत जी भिंगे आणि आरसे दिसतात, त्यांचे मूळ या खटाटोपात आहे.

अमेरिकेतील कॅथरिन ड्रायर ही नव्या कलेची मोठी चाहती होती. तिने काकाबाद्झेच्या काही कृती विकत घेतल्या, आणि १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील संग्रहालयात तिने जे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरविले, त्यात जगातील नामवंतांच्या पंक्तीत या कुखी गावच्या शेतकरीपुत्राचेही नाव होते.

अशा वेळी, १९२७ मध्ये, तो मायदेशी परतला.

परंतु त्याने सोडलेला देश आता तसा राहिला नव्हता. १९२१ मध्ये रशियाच्या लाल सेनेने जॉर्जियात प्रवेश केला होता आणि तीन वर्षांचे स्वातंत्र्य संपले होते. जॉर्जिया आता सोव्हिएत संघराज्याचा एक भाग होता. गंमत अशी, की त्या संघराज्याचा सर्वसत्ताधीश स्टालिन हा स्वतः जॉर्जियातील गोरी गावचा; तथापि जॉर्जियन माणसांना त्याच्या राज्यात त्यामुळे काही सवलत मिळाली, असे म्हणता येणार नाही.

पहिली काही वर्षे बरी गेली. कोते मार्जानिश्विली या थोर नाट्यदिग्दर्शकाने कुतैसी येथे नवे नाट्यगृह सुरू केले होते. त्याच्यासाठी काकाबाद्झेने रंगमंचाची सजावट केली. १९२८ पासून तो तिबिलिसी येथील कला अकादमीत शिकवू लागला. कॉकेशसच्या अगदी उंच भागात स्वानेती नावाचा दुर्गम प्रदेश आहे. तेथे घराघराला दगडी बुरूज असतो. या प्रदेशावर मिखाइल कालातोझोव या दिग्दर्शकाने १९३० मध्ये एक गाजलेला चित्रपट काढला, त्याच्या कलाबाजूचे कामही काकाबाद्झेकडे होते.

१९३२ मध्ये मात्र सारे पालटले. सोव्हिएत सरकारने कलावंतांचे व लेखकांचे सर्व स्वतंत्र गट बरखास्त केले. यापुढे प्रत्येक कलेसाठी सरकारच्या देखरेखीखाली एकच संघटना राहील, असे ठरले. लवकरच एक नवे सूत्रही जाहीर झाले. त्याला ‘समाजवादी वास्तववाद’ असे नाव होते. नाव भारदस्त आहे, पण अर्थ सोपा होता. चित्र पाहताच कोणालाही कळेल असे असावे. त्यात कामगार, शेतकरी, कारखाने आणि नेते असावेत. आणि सर्वांचे जीवन आनंदी व प्रगतीच्या वाटेवर असल्याचे दिसावे. प्रत्यक्षात खेड्यांतून धान्य हिरावले जात होते, दुष्काळाने माणसे मरत होती; चित्रातील शेतकरी मात्र हसतमुख आणि कणसांच्या भाऱ्याखाली वाकलेला असला पाहिजे, असा दंडक होता. ‘वास्तव’ हा शब्द इतक्या विपरीत अर्थाने क्वचितच वापरला गेला असेल.

हा दंडक मोडणाऱ्याला एक शिवी ठरलेली होती. ती म्हणजे ‘रूपवादी’. चित्रात काय दाखविले आहे यापेक्षा ते कसे दाखविले आहे, याचाच विचार करणारा तो रूपवादी, असा या शब्दाचा स्थूल अर्थ. खरे पाहता, कसे दाखवावे याचा विचार न करता चित्र काढणे कोणाही चित्रकाराला शक्य नाही. गवंड्याने वीट कशी बसवावी हे न पाहता भिंत बांधावी, तशातलाच तो प्रकार. परंतु या शिवीवर वाद घालण्याची सोय नव्हती. ज्याच्यावर हा शिक्का बसे, त्याची चित्रे प्रदर्शनातून उतरविली जात, त्याला काम मिळेनासे होई, आणि कधी कधी प्रकरण याहून पुढेही जाई.

काकाबाद्झेच्या आरशांच्या व भिंगांच्या कृती आता लोकांपुढे मांडता येण्यासारख्या नव्हत्या. एवढेच नव्हे, तर इमेरेतीच्या टेकड्यांवरही आक्षेप निघू लागला. या चित्रांत माणसे कोठे आहेत? कारखाने कोठे आहेत? नवे जीवन कोठे आहे? प्रश्न विचारणाऱ्यांच्या लक्षात आले असो वा नसो, त्या टेकड्यांत आणखी एक अडचणीची गोष्ट होती. त्या गोधडीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एकेका कुटुंबाचे स्वतःचे शेत होते. सरकारने याच सुमारास शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेऊन त्यांची सामुदायिक शेते केली होती. जमिनीवरचे बांध नाहीसे झाले, पण काकाबाद्झेच्या चित्रांतील बांध तसेच राहिले.

मग त्याने काय केले? त्याने सभेत उभे राहून सरकारचा निषेध केला नाही. तसे करणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी घरी सापडत नसे. देश सोडून जाणेही आता शक्य नव्हते. त्याने विषय मान्य केला. कुतैसीजवळ रिओनी नदीवर मोठे जलविद्युत्‌केंद्र उभे राहिले होते, ते त्याने रंगविले. कारखाने, इमारती, विजेचे खांब रंगविले. परंतु ही चित्रे काळजीपूर्वक पाहिली, म्हणजे त्यात एक गोष्ट आढळते. खांब आहेत, इमारती आहेत, पण त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या डोंगरांचे घट्ट आकार, रंगांचे मोजून मापून लावलेले पट्टे, वर सरकलेले क्षितिज, हे सारे जुनेच आहे. इमारत ही त्याच्या दृष्टीने टेकडीवरचा आणखी एक तुकडा झाली. जे दाखवावयास सांगितले ते त्याने दाखविले. कसे पाहावे हे मात्र त्याने कोणालाही सांगू दिले नाही. सरकारची स्तुती करणाऱ्या चित्रात जो आनंदाचा गडबडगुंडा असावा लागे, तो यांत कोठेच नाही. ती चित्रे गंभीर आहेत आणि शांत आहेत.

यात त्याचा भित्रेपणा होता, असे कोणी म्हणेल. त्याने १९३७ हे साल आठवावे. त्या वर्षी जॉर्जियातील कितीतरी लेखक, कवी आणि कलावंत पकडले गेले व गोळ्या घालून मारले गेले. त्यांत दिमित्री शेवर्दनाद्झे हा चित्रकार होता. ज्या कलावंत-संघाने काकाबाद्झेला पॅरिसला पाठविले, त्याचा हा संस्थापक. तिबिलिसीचे राष्ट्रीय चित्रदालन उभारणाराही हाच. तिबिलिसीत नदीकाठच्या कड्यावर मेतेखी नावाचे प्राचीन चर्च आहे. ते पाडण्याचा बेत सत्ताधाऱ्यांनी केला, तेव्हा शेवर्दनाद्झेने त्याला विरोध केला, असे सांगतात. चर्च आजही उभे आहे. शेवर्दनाद्झेचे प्राण मात्र गेले. रंगमंचाची अद्भुत रेखाटने करणारा पेत्रे ओत्सखेली त्याच वर्षी मारला गेला. तो पुरता तीस वर्षांचाही नव्हता असे म्हणावे, इतके त्याचे वय कोवळे होते. काकाबाद्झे या सर्वांना ओळखत होता. अशा दिवसांत सकाळी उठून अकादमीत जाणे, विद्यार्थ्यांना रेषा आणि रंग शिकविणे, आणि घरी येऊन आपल्याच पद्धतीने टेकडी रंगविणे, याला किती धैर्य लागले असेल याची कल्पना करणे कठीण आहे.

पुढे दुसरे महायुद्ध आले. तरुणपणीचा त्याचा सहकारी फिलोनोव हा लेनिनग्राड शहरातच राहिला होता. तेही पीटर्सबर्गचेच तेव्हाचे नाव. फिलोनोवने आपली चित्रे विकण्यास जन्मभर नकार दिला होता. जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला, तेव्हा १९४१ च्या डिसेंबरात तो उपासमारीने मेला. इकडे काकाबाद्झेने १९४२ मध्ये इमेरेतीतील एका सभेचे चित्र काढले. सभा म्हणजे सरकारला हवा तसा विषय! चित्रात लोक जमलेले आहेत, लाल निशाणे आहेत. पण हे लोक किती लहान आहेत! सभोवार टेकड्या पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्या कुशीत ही सारी सभा मुंग्यांच्या रांगेएवढी दिसते. सभा थोड्या वेळाने संपेल आणि लोक घरोघर जातील. टेकड्या तेथेच राहतील. हा अर्थ चित्रकाराने कोठे लिहून ठेवलेला नाही. पण चित्रापुढे उभ्या राहणाऱ्याला तो कळावयास वेळ लागत नाही.

युद्ध संपल्यावर जाच कमी होईल, अशी आशा पुष्कळांना होती. झाले उलटेच. १९४६ पासून लेखक, संगीतकार व चित्रकार यांच्यावर नव्याने मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी लादो गुदियाश्विलीने तिबिलिसीच्या काश्वेती चर्चमध्ये भित्तिचित्रे काढली. धर्माला शत्रू मानणाऱ्या राज्यात, शहराच्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर, एका नामवंत प्राध्यापकाने चर्चच्या भिंतीवर माता मेरी रंगवावी, हे सरकारला कसे खपावे? गुदियाश्विलीची अकादमीतील नोकरी गेली. ती चित्रे मात्र पुसली गेली नाहीत.

दोनच वर्षांनी काकाबाद्झेची पाळी आली. १९४८ मध्ये, वीस वर्षे शिकविल्यानंतर, ‘रूपवादी’ म्हणून त्याला अकादमीतून काढून टाकण्यात आले. तो साठीच्या उंबरठ्यावर होता. ज्याने अनेक पिढ्यांना पाहावयास शिकविले, त्याच्यापासून विद्यार्थ्यांना जपले पाहिजे, असे ठरविण्यात आले. त्यानंतर तो फार काळ जगला नाही. १९५२ च्या मे महिन्यात तिबिलिसी येथे त्याचा अंत झाला. स्टालिन त्यानंतर दहा महिन्यांनी वारला.

हळूहळू दिवस पालटले. निंदेच्या काळात कुटुंबीयांनी जे सांभाळून ठेवले होते, ते बाहेर येऊ लागले. ज्या टेकड्यांत माणसे नाहीत म्हणून दोष दिला जाई, त्याच टेकड्या पाहून लोक म्हणू लागले, की हीच आमची भूमी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य मोडले आणि जॉर्जिया पुन्हा स्वतंत्र झाला. आज काकाबाद्झेची चित्रे तिबिलिसीच्या संग्रहालयाची भूषणे मानली जातात, आणि आरसे व भिंगे घेऊन केलेल्या प्रयोगांच्या काळातील त्याच्या कृती अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कॅथरिन ड्रायरचा संग्रह १९४१ मध्ये तेथे गेला होता.

कुतैसीहून निघणाऱ्या रस्त्याने जाताना आजही डाव्या-उजव्या बाजूला त्या टेकड्या दिसतात. सामुदायिक शेती कधीच बंद झाली. जमिनी पुन्हा कुटुंबांना वाटून देण्यात आल्या. उतारांवर आता पुन्हा मक्याचा एक तुकडा, द्राक्षांचा एक तुकडा, आणि मध्ये कुंपण.